मंगळावर बोअर मारताना: क्युरिऑसिटीचं अडलेलं ड्रिल, पर्सिव्हिअरन्सची रिकामी नळी आणि न ऐकणारे खडक

संत्रीवाला (रविवार, सकाळी १०:४०)

रोव्हर मंगळावर उतरतं त्या दिवशी सगळं जग टीव्हीला चिकटलेलं असतं, आणि चार वर्षांनी त्याच्या ड्रिलची एक मोटर बसली की कुत्रं विचारत नाही. मला त्या मोटरचीच गोष्ट जास्त आवडते म्हणून हा धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

नासाचं क्युरिऑसिटी रोव्हर ६ ऑगस्ट २०१२ ला गेल विवरात उतरलं, आपल्याकडे सकाळचे अकरा वाजले होते. विवर १५४ किमी रुंद, मधे माउंट शार्प नावाचा साडेपाच किमी उंच डोंगर, थरावर थर. त्या थरांना भोकं पाडून आतली पावडर पोटातल्या प्रयोगशाळेत घालायची हे रोव्हरचं मुख्य काम. ड्रिल फिरतंही आणि ठोकतंही. पहिलं भोक ८ फेब्रुवारी २०१३ ला, खडकाचं नाव जॉन क्लाइन, भोक १.६ सेमी रुंद आणि ६.४ सेमी खोल. तो फोटो शोधून बघाच. वरून तांबडा खडक, आणि भोकाभोवती जो भुगा साचलाय तो चक्क राखाडी. म्हणजे ज्या लाल रंगावरून ग्रहाची ओळख तो नुसता वरच्यावर, गंज काही आत गेलेलाच नाही. त्या भुग्यात चिकणमातीची खनिजं सापडली आणि कधीकाळी तिथे पिण्याजोगं पाणी होतं इथपर्यंत गोष्ट गेली.

आता मुद्द्याचं. ड्रिलच्या दोन बाजूंना दोन दांडे आहेत, स्टॅबिलायझर. आधी हाताने ते दांडे खडकावर दाबायचे, हात तिथेच लॉक, मग आतली एक मोटर बिटला, म्हणजे भोक पाडणाऱ्या टोकाला, सरळ रेषेत पुढे सरकवणार. बिट वाकडं जायचा प्रश्नच नाही. अशी १५ भोकं झाली. १ डिसेंबर २०१६ ला पुढच्याची तयारी आणि ही सरकवणारी मोटर अडली. बिट फिरतं, ठोकतं, पण पुढे जात नाही. संशय मोटरच्या ब्रेकवर. तिथे पाना घेऊन जाणार कोण?

जेपीएलच्या (रोव्हर चालवणारी नासाची प्रयोगशाळा) लोकांनी शेवटी कसंबसं बिट पूर्ण बाहेर काढून घेतलं, दांड्यांच्याही पुढे, आणि तसंच बाहेर ठेवलं. आता दांडे खडकाला टेकतच नाहीत. पुढे ढकलायचं काम अख्ख्या हाताने करायचं, दोन मीटर लांबीचा हात. आपण घरी हातात ड्रिल धरून भिंतीला भोक पाडतो आणि जरा मनगट हललं की बिट घसरतं ना, तसंच, फक्त हे मनगट वीस-बावीस कोटी किलोमीटरवर. आणि यातला सगळ्यात भारी भाग म्हणजे त्या हातात एक बल मोजणारा सेन्सर होता, तो बसवला होता कशासाठी तर हाताला अचानक जोराचा झटका बसला तर हात थांबवायला. त्यालाच कामाला लावलं, बिट आडवं किती दाबलं जातंय ते त्याच्याकडून घ्यायचं आणि हात त्याप्रमाणे सावरायचा.

फेब्रुवारी २०१८ ला लेक ऑर्केडी नावाच्या खडकावर पहिला प्रयत्न, नुसतं फिरवून, ठोके नाहीत. सेंटिमीटरभर गेलं आणि बस. मग ठोक्यांची जोड दिली आणि २० मे २०१८ ला डुलुथ नावाच्या खडकात ५ सेमी भोक! ऑक्टोबर २०१६ नंतर पहिल्यांदा. या खडकाच्या थराला तर रोव्हर आधी ओलांडून वर चढून गेलं होतं, ड्रिल बंद होतं म्हणून. नवी पद्धत जमेल असं दिसल्यावर मुद्दाम उतरून मागे आलं.

पण भोक पडलं म्हणजे काम झालं नाही. आधी पावडर एका चाळणीतून गाळून मोजून पुढे जायची, तो रस्ता त्याच मोटरपायी बंद झालेला. मग बिट थेट प्रयोगशाळेच्या तोंडावर न्यायचं आणि उलटं फिरवायचं, पावडर खाली झिरपेल. जेपीएलमधे चाचण्या केल्या होत्या पण तिथली विरळ हवा आणि कमी गुरुत्वाकर्षण, पावडर नेमकी किती आणि कशी पडेल ते तिथेच कळणार. मे संपता संपता पडली बरोबर.

आणि लगेच ऑगस्टपर्यंत दोन खडकांनी पुन्हा नाक कापलं. व्हॉयाजर्स आणि एल्सा क्रेग. ड्रिल ठणठणीत, पद्धत ठणठणीत, खडकच इतका टणक की बिट आत जाईना. त्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, बोटं दुखली.

बंड्या_सक्करदरा (रविवार, सकाळी ११:२२)

राजे हो, लय भारी लिहिलं. पण मले एक सांगा, इतके पैसे लावून पाठवलं त एक एक्स्ट्रा मोटर काहून नाइ लावली बे? आमच्या इकडच्या बोअरवाल्याच्या गाडीतही दोन-चार सुटे पार्ट पडले राह्यते.

संत्रीवाला (रविवार, सकाळी ११:५०)

बंड्याभाऊ, मोटर बदलायला हात लागतात, तिथे हात एकच आणि तोच बिघडलेला :) सुट्टे बिट मात्र नेलेत. रोव्हरच्या पुढच्या बाजूला दोन डब्या आहेत, प्रत्येकीत एक बिट. कारण वेगळं आहे. समजा रोव्हर उतारावर उभं आहे, बिट खडकात खोल गेलंय आणि नेमकं तेव्हाच चाक घसरलं, तर बिट अडकणार आणि ९०० किलोचं यंत्र खडकाला कायमचं बांधलं जाणार. म्हणून बिट सोडून देऊन निघून जायची सोय. डब्यातून नवीन घ्यायचं.

अवकाशवेडी (रविवार, दुपारी १:१५)

मस्त धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली). पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

कोअरबॉक्स (रविवार, दुपारी ३:३०)

नमस्कार. मी इथे वाचतच असतो, लिहीत नाही. पण विषय ड्रिलिंगचा निघाला म्हणून राहवलं नाही. माझी नोकरी सगळी कोअर लॉगिंगमधे गेली, म्हणजे बोअरमधून निघालेला खडकाचा दांडा (कोअर) बघून नोंदी करायच्या, उमरेड आणि सावनेरचा कोळसा, मनसरकडचं मँगनीज, आता निवृत्त, त्रिमूर्तीनगरला असतो.

वरचं वाचून सगळ्यात आधी मनात आलं ते वेट ऑन बिट. खडक बिटला आत घेतो तो फिरण्याने कमी आणि मागून दाब असतो म्हणून जास्त. आमच्या रिगला (बोअर मारायच्या यंत्राला) दाब द्यायला यंत्राचं वजन असतं, रॉडचं वजन असतं, हायड्रॉलिक असतं. तुमच्या या रोव्हरकडे काय आहे? पृथ्वीवर ९०० किलो धरलं तरी मंगळावर गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, म्हणजे सुमारे ३४० किलोचाच भार. त्याहून जास्त दाबलं तर बिट आत जाणार नाही, रोव्हरच वर उचललं जाईल. आणि पूर्ण वजन काही कुणी बिटवर घेणार नाही, लांब हातातून तर नाहीच. म्हणून ठोके हवेतच. लेक ऑर्केडीला नुसतं फिरवून सेंटिमीटरभर गेलं म्हणता, मला त्यात नवल वाटलं नाही, तेवढं गेलं हेच पुष्कळ.

दुसरं म्हणजे पाणी. आम्ही डायमंड बिटला सतत पाणी देतो. पाणी बिट थंड ठेवतं आणि चुरा वर आणून टाकतं. पाणी तुटलं की बिट जळालं समजा, दोन मिनिटांचा खेळ. मंगळावर पाणी ओतलं तर तिथल्या विरळ हवेत ते उकळेल नाहीतर गोठेल, आणि नमुना खराब होईल तो वेगळा. म्हणजे सगळं कोरडं करायचं, थांबत थांबत. खोली ५-६ सेमीवरच का थांबते याचं अर्धं उत्तर इथे आहे.

प्रश्न: पॉवर किती असते त्याला?

संत्रीवाला (रविवार, दुपारी ४:०५)

काका, तुम्ही आलात म्हणजे धाग्याचं सोनं झालं. प्लुटोनियमची अणुबॅटरी आहे, सुरुवातीला जेमतेम ११० वॉट. ती दिवसभर साध्या बॅटऱ्या भरत राहते आणि ड्रिल त्यावर चालतं. त्यातली बरीच वीज तर मोटर गरम करण्यात जाते कारण रात्री तिथे उणे ७०-८० होतं, वंगण घट्ट बसतं, गरम केल्याशिवाय मोटर हलवायची नाही.

कोअरबॉक्स (रविवार, दुपारी ४:२०)

११० वॉट!! एवढ्यात आमच्या साइटवर तंबूतला बल्ब लागायचा. मानलं पोरांना.

बंड्या_सक्करदरा (रविवार, दुपारी ४:४१)

काका तुमी लिहीत राहा, आमी वाचून राह्यलो.

मेघना_धंतोली (रविवार, रात्री ९:१०)

क्युरिऑसिटी पावडर करतं, पण नासाचं नंतरचं रोव्हर पर्सिव्हिअरन्स अख्खा कोअर काढतं, त्याची गंमत वेगळीच आहे. १८ फेब्रुवारी २०२१ ला जेझेरो विवरात उतरलं, त्या लँडिंगची कॉमेंट्री भारतात जन्मलेल्या स्वाती मोहन करत होत्या, टिकली लावून, आमच्या आईला मंगळापेक्षा तेच जास्त लक्षात आहे. बरोबर ४३ नळ्या, त्यातल्या ३८ नमुन्यांच्या आणि ५ नुसत्या साक्षीदार नळ्या, म्हणजे पृथ्वीवरून काय घाण बरोबर आली ते नंतर कळावं म्हणून. कोअर साधारण १३ मिमी जाड आणि ६ सेमी लांब.

पहिला प्रयत्न ऑगस्ट २०२१. ड्रिलने जितकं खोल जायला हवं तितकं गेलं, नळी आत गेली, सील झाली, सगळ्या कमांड हिरव्या. आणि मग मापक घालून पाहिलं तर नळी रिकामी! जेपीएलवाल्यांना आधी वाटलं कोअर खाली पडला असेल, म्हणून जमिनीवर शोधला, भोकात शोधला. कुठेच नाही. खडकच इतका भुसभुशीत की कोअर तयारच झाला नाही, सगळ्याचा भुगा होऊन भोकात आणि कडेच्या ढिगात गेला. यंत्राने सांगितलेलं सगळं केलं आणि हाती भोपळा.

मग सप्टेंबरमधे रोशेट नावाचा दगड निवडला, वाऱ्याला पुरून उरलेला टणक दगड, मुद्दाम. १ सप्टेंबरला कोअर काढला, फोटोत बिटच्या तोंडाशी तो दिसतोय. मग रीतीप्रमाणे थोडं हादरवलं, आणि पुढच्या फोटोत दिसेना!! ऊन असं तिरपं पडलं होतं की आत काळोख. दोन-तीन दिवस लोकांचा जीव टांगणीला, चांगल्या उजेडात पुन्हा फोटो घेतल्यावर दिसला. जरा आत सरकला होता इतकंच.

ती रिकामी नळीही फेकली नाही बरं का, सील झालीच होती, म्हणून आता ती मंगळाच्या हवेचा नमुना म्हणून मोजतात :)

कोअरबॉक्स (रविवार, रात्री १०:२५)

मेघनाताई, तुम्ही जे लिहिलंत त्याला आमच्यात कोअर लॉस म्हणतात आणि त्यावरून साइटवर जितकी भांडणं झाली तितकी पगारावरूनही झाली नसतील.

तीन मीटरचा रन मारायचा, बॅरल वर काढायची, आतला कोअर बॉक्समधे ओळीने मांडायचा, प्रत्येक रनला लाकडी ठोकळा ठेवून त्यावर खोली लिहायची. तीन मीटरला तीन मीटर कोअर आला तर रिकव्हरी १०० टक्के. चांगल्या बसाल्टमधे येतो. पण वरचा मुरूम लागला, किंवा कोळशाखालची भुरभुरीत शेल लागली, की बॅरल वर येते आणि आत मूठभर खडी. बाकी सगळं पाण्याबरोबर वाहून गेलं. ड्रिलर म्हणतो साहेब मी तर बरोबर चालवली. आणि तो खरंच बोलत असतो. एक कंत्राटदार होता, नाव नको, तो रिकव्हरी कमी दिसू नये म्हणून बाजूच्या बॉक्समधले तुकडे आणून रिकाम्या जागेत भरायचा. दगडाचा पोत बघून, तुटलेल्या टोकांची जोड जुळते का ते बघून पकडावं लागायचं. हाताने दोन तुकडे जोडून फिरवून बघायचे, खाच बसली तर सलग, नाही बसली तर कुणीतरी हात मारलाय.

त्यांनी रिकामी नळी रिकामी म्हणून जगाला सांगितली हे मला फार आवडलं.

एक विचारायचं होतं. कोअर खालून तोडतात कसा? आमच्याकडे कोअर लिफ्टर असतो, पकडून ओढला की तुटतो.

मेघना_धंतोली (रविवार, रात्री १०:५०)

काका, बिटच्या आतच नमुन्याची नळी असते. ड्रिलिंग संपलं की ती नळी मध्यापासून किंचित बाजूला सरकवतात, मग कोअरवर आडवा दाब येतो आणि तो बुडापासून तुटतो. ओढाताण नाही.

कोअरबॉक्स (रविवार, रात्री १०:५८)

वा. सुरेख.

चिकित्सक (सोमवार, सकाळी ८:३०)

कौतुक ठीक आहे पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाहीये. अडीच अब्ज डॉलरचं यंत्र पाठवून तेरा वर्षांत काय मिळालं, तर पेल्याभर दगडाची पावडर. इकडे उन्हाळ्यात अर्ध्या विदर्भात टँकर फिरतात, बोअर हजार फुटांवर गेले तरी कोरडे. तो पैसा आणि ते डोकं जमिनीवर लावलं असतं तर?

बंड्या_सक्करदरा (सोमवार, सकाळी ९:०२)

घ्या. आलं टँकर. मंगळाचा धागा निघाला का टँकर आलाच पाह्यजे, हे ठरलेलं आहे राजेहो.

संत्रीवाला (सोमवार, सकाळी ९:४०)

चिकित्सक, पैसा अमेरिकेचा होता, तो क्युरिऑसिटीवर नसता लागला तर काटोलला टँकर म्हणून आला नसता. आपलं मंगळयान ४५० कोटीत झालं, २०१३ मधे सोडलं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला पहिल्याच फटक्यात कक्षेत गेलं. त्यावर वाद घालायचा तर वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

«पेल्याभर दगडाची पावडर» याबद्दल मात्र बोलू. मे २०१३ ला कंबरलँड नावाच्या खडकातून काढलेली पावडर त्यांनी जपून ठेवली होती, त्याचे पुन्हा पुन्हा प्रयोग करत राहिले, आणि मार्च २०२५ मधे जाहीर झालं की त्यात डेकेन, अनडेकेन, डोडेकेन आहेत. दहा, अकरा, बारा कार्बनच्या साखळ्या. मंगळावर सापडलेले आजवरचे सगळ्यात मोठे सेंद्रिय रेणू, आणि ते बहुधा फॅटी ॲसिडचे तुकडे असावेत असा अंदाज. जीव होता असं यातून सिद्ध होत नाही, अशा साखळ्या जीवाशिवायही बनू शकतात. पण बारा वर्षांपूर्वीच्या चिमूटभर भुग्यातून हे निघतं. पेला तर लांबच राहिला.

कोअरबॉक्स (सोमवार, सकाळी ११:१५)

चिकित्सक यांच्या प्रश्नात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. हजार फूट बोअर कोरडा का जातो तर बहुतेक वेळा कुणीतरी नारळ हातावर ठेवून जागा दाखवली म्हणून. आपल्या नागपुरात तर शहराच्या पश्चिमेला बसाल्ट आणि पूर्वेला जुना ग्नाइस, दोन वेगळ्याच जाती, सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती बसाल्टची. रस्त्याच्या या बाजूचा अनुभव त्या बाजूला चालत नाही. तरी लोक शेजाऱ्याला लागलं म्हणून तितक्याच खोलीवर मारतात. खडक बघून मग बिट लावायचं हे मंगळावर करतात आणि इथे करत नाहीत, तक्रार तिथे करा.

अवांतर: हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते खरे पण दगडांचे आणि जीवाश्मांचे मोठे अभ्यासक, एकोणिसाव्या शतकात नागपूरच्या आसपासचा भाग पायी पालथा घातला होता. तिथे शिकणाऱ्या पोरांना विचारा, एकाला माहीत नसतं.

चिकित्सक (सोमवार, सकाळी ११:४०)

नारळाबद्दल सहमत. बाकी मताशी कायम.

संत्रीवाला (सोमवार, रात्री १०:३०)

आता ते टणक खडकांचं, काल अर्धवट सोडलेलं. २०१८ च्या ऑगस्टच्या सुमारास क्युरिऑसिटी व्हेरा रुबिन रिज नावाच्या धारेवर होतं. ही धार आजूबाजूचं सगळं झिजून गेलं तरी उभी आहे, हेमॅटाइट भरपूर. वरून सगळ्यात जास्त कुतूहल तिचंच होतं आणि तिथेच ड्रिल चालेना. खडक किती टणक आहे हे ड्रिल टेकवल्याशिवाय कळायची सोय रोव्हरकडे नाही. मग अंदाज बांधला. धारेतला जो कट्टा वाऱ्याला दाद देत नाही तो टणकच असणार, त्याच्या खाली जो भाग झिजलाय तो मऊ असणार. तिथे स्टोअर नावाच्या जागी ९ ऑगस्टला बिट लावलं आणि पूर्ण खोल गेलं. त्यावेळी वर आकाशात धुळीचं वादळ, अख्खा ग्रह झाकलेला, सौरऊर्जेवरचं ऑपॉर्च्युनिटी रोव्हर तर जूनमधेच गप्प झालं ते कायमचं. क्युरिऑसिटीला अणुबॅटरी म्हणून ते काम करत राहिलं.

आणि उलटंही होतं. मे २०२४ मधे त्याचं चाक एका दगडावरून गेलं, दगड फुटला, आत पिवळे धमक गंधकाचे स्फटिक! शुद्ध गंधक, मंगळावर पहिल्यांदा. पण तेवढ्या छोट्या ठिसूळ दगडांत ड्रिल लावता येईना, म्हणून जूनमधे जवळच्याच मॅमथ लेक्स नावाच्या मोठ्या खडकात भोक पाडलं, ते ४१ वं. टणक असला तरी नाही, ठिसूळ असला तरी नाही.

अवकाशवेडी (सोमवार, रात्री ११:०५)

यात नासाच्या इनसाइट यानावरच्या मोलचा उल्लेख हवाच, नाहीतर अन्याय होईल. जर्मनांनी बनवलेला खिळा होता तो, स्वतःच स्वतःला आतून ठोके देत जमिनीत जायचा, ५ मीटर खोल जाऊन मंगळाच्या आतली उष्णता मोजायची होती. २८ फेब्रुवारी २०१९ ला ठोकायला सुरुवात आणि फूटभर जाऊन उड्या मारायला लागला! म्हणजे ठोका मारला की तो मागे येतोय. कारण खिळ्याला खाली जायला आजूबाजूच्या मातीची पकड लागते, ती मागे येऊ देत नाही. इथली माती घट्ट गोळा होऊन बाजूला सरकली, खिळ्याभोवती खड्डा झाला, पकड शून्य. दोन वर्षं झटले बिचारे. यंत्राच्या हाताच्या खोऱ्याने बाजूने दाबलं, वरून दाबलं, माती लोटली. ९ जानेवारी २०२१ ला शेवटचे ५०० ठोके दिले आणि सोडून दिलं.

त्या मानाने आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रमवर चॅस्टे होतं, ते मोटरने ढकलत चंद्राच्या मातीत १० सेमी घातलं आणि तापमान आणलं. मागून ढकलणारं काहीतरी हवं, स्वतःच्या जिवावर आत जाणं अवघड.

कोअरबॉक्स (मंगळवार, सकाळी ७:१०)

अगदी. खालून येणारी प्रतिक्रिया, म्हणजे उलटा धक्का, कोण घेणार हा ड्रिलिंगचा पहिला प्रश्न. रिग आम्ही साखळीने बांधायचो ते उगाच नाही.

बंड्या_सक्करदरा (मंगळवार, सकाळी ९:३३)

मंगळवारी मंगळावर चर्चा चालू आहे, वा. मले सांगा, हे सगळं तिकडे जाऊन करण्यापेक्षा आपल्या लोणारले काहून नाइ करत? मी मागच्या वर्षी गेलतो, तिथला माणूस म्हणे हे मंगळासारखंच आहे म्हणून.

मेघना_धंतोली (मंगळवार, सकाळी १०:२०)

करतात ना. लोणार उल्कापाताने बसाल्टमधे झालेलं विवर आहे, १.८ किमी रुंद, आणि बसाल्टमधलं असं विवर जगात फार दुर्मिळ. मंगळाचं कवचही मुख्यतः बसाल्टच. म्हणून आघाताने बसाल्टचं काय होतं ते बघायला जगभरचे लोक लोणारला येतात. पण मंगळावरचं तीन-साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या तळ्याचं गाळ बसलेलं तळ लोणारात कुठून आणणार बंड्या? पृथ्वीवर इतके जुने दगड बहुतेक भाजून, दबून, वितळून बदलून गेलेत. तिथे तसेच पडलेत.

जेझेरोतलं उदाहरण बघ. जुलै २०२४ ला नेरेत्वा व्हॅलिस नावाच्या जुन्या नदीपात्रात पर्सिव्हिअरन्सला चेयावा फॉल्स नावाचा खडक मिळाला, जेमतेम मीटरभर लांब. त्यावर फिकट ठिपके, प्रत्येक ठिपक्याला काळी कड, बिबट्याच्या कातडीवर असतात तसे म्हणून त्यांना लेपर्ड स्पॉट्सच म्हणतात. कडेत लोह आणि फॉस्फेट. २१ जुलैला त्यातून कोअर काढला, नाव सफायर कॅनियन. सप्टेंबर २०२५ मधे नेचरमधे पेपर आला, ठिपक्यांत व्हिव्हियानाइट आणि ग्रेगाइट असावं असं दिसतंय. पृथ्वीवर चिखलात सूक्ष्मजीव सेंद्रिय माल खातात तेव्हा ही खनिजं बनतात. जीवाशिवायही बनू शकतात, म्हणून त्यांनी शब्द जपून वापरलाय, संभाव्य जैवखूण. पक्कं कळायला तो कोअर इथल्या लॅबमधे यायला हवा.

चिकित्सक (मंगळवार, सकाळी ११:००)

आणि तो येतोय का?

मेघना_धंतोली (मंगळवार, सकाळी ११:१८)

तिथेच घोडं पेंड खातंय. एप्रिल २०२४ मधे नासानेच सांगितलं की आणायचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि नमुने २०४० ला पोचतील, हे परवडणार नाही. तेव्हापासून स्वस्त मार्गाच्या गप्पा. दहा नळ्या थ्री फोर्क्स नावाच्या जागी जमिनीवर मांडून ठेवल्यात, जानेवारी २०२३ ला काम पूर्ण झालं, रोव्हर मधेच बंद पडलं तरी उचलता याव्यात म्हणून. सफायर कॅनियन मात्र नंतरचा, तो रोव्हरच्या पोटात.

चिकित्सक (मंगळवार, सकाळी ११:२६)

म्हणजे काढायचा खर्च केला आणि आणायचा केला नाही. मी काय म्हणत होतो!

कोअरबॉक्स (मंगळवार, दुपारी १२:४०)

चिकित्सक, यावेळी तुमच्या बाजूने आहे. पण कोअर पडून राहिल्याने वाया जात नाही. पन्नास वर्षांपूर्वी कोळशासाठी काढलेले कोअर आज लोक दुसऱ्याच कामासाठी काढून बघतात. अट एकच, बॉक्सवरचा नंबर पुसला जाता कामा नये आणि पावसाचं पाणी शिरता कामा नये. आमच्या एका शेडचं छप्पर गळायचं, ठोकळ्यांवरचे आकडे गेले, मग तो माल रस्त्याच्या खडीच्या लायकीचा उरला. मंगळावर निदान पाऊस नाही.

संत्रीवाला (मंगळवार, रात्री ९:५५)

चीन त्याआधी बाजी मारेल असं दिसतंय. त्यांचं तियानवेन-३ २०२८ च्या सुमारास निघून नमुने घेऊन परत येणार असा बेत आहे, आणि २ मीटर खोल ड्रिल. युरोपचं रोझालिंड फ्रँकलिनही २ मीटरवालंच, रशियाशी फाटल्यामुळे २०२२ ची तारीख हुकली, आता २०२८. खोल जायचं कारण म्हणजे वरच्या थरातले सेंद्रिय रेणू अब्जावधी वर्षांच्या किरणोत्सर्गाने फुटून गेलेले असतात, खाली काही टिकलं असेल तर असेल. काका, २ मीटर कोरडं, कमी पॉवरवर, तुम्हाला काय वाटतं?

कोअरबॉक्स (मंगळवार, रात्री १०:४०)

सहा सेंटिमीटर आणि दोन मीटर हे एकाच कामाचे लहानमोठे आकार नाहीत, कामच वेगळं. दोन मीटरचं बिट कोणी अखंड नेणार नाही, म्हणजे रॉड जोडत जायचं. जोडायचं म्हणजे थ्रेड आला, थ्रेडमधे धूळ आली. आमच्याकडे ग्रीस लावून हाताने साफ करतो तरी दिवसातून एकदा तरी कुठलातरी जॉइंट चढत नाही, मग पाइप रेंच आणि शिव्या. दुसरं म्हणजे चुरा. सहा सेमीत चुरा आपोआप वर येतो, दोन मीटरमधून रॉडवरच्या आट्यांवाटे वर चढला पाहिजे नाहीतर बिटभोवती घट्ट बसतो आणि रॉड जॅम. मग फिशिंग, म्हणजे अडकलेली रॉड काढायचा उद्योग, त्याला तर तिथे जागाच नाही. रोझालिंडच्या किती रॉड आहेत?

संत्रीवाला (मंगळवार, रात्री १०:५२)

ड्रिलचा मुख्य तुकडा आणि जोडायच्या तीन.

कोअरबॉक्स (मंगळवार, रात्री ११:०१)

मग पहिला मीटर सोपा जाईल. तिसऱ्या रॉडला बघायचं. सोडताना पण, जोडताना इतकंच नाही, रात्रीच्या थंडीत जॉइंट आवळून बसतो आणि सुटता सुटत नाही. ते कसं करणार त्याची माहिती कुणाला मिळाली तर टाका, मी रात्री जागून वाचेन.

बंड्या_सक्करदरा (मंगळवार, रात्री ११:०९)

काकाले झोपू द्या रे. २०२८ ले नवीन धागा काढू, पाइप रेंच घेऊन याजा सगळे.